मंगळ्या वरठाची मुलगी

एकाच कातडीला पुस्तकात सात रंग दिलेले होते. पान चौदावर ती ओल्या मातीसारखी होती, एकोणतीसवर पिकल्या करवंदासारखी, त्रेचाळीसवर नदीतल्या शिळेसारखी आणि त्याच पानाच्या तळाशी जांभळाच्या सालीसारखी. पुढे ती एकदा काळोखासारखी आणि एकदा भाजलेल्या नागलीसारखी झाली. शेवटच्या प्रकरणात ती पृथ्वीसारखी होती, म्हणजे तोवर लेखकाकडचे रंग संपले असावेत. बुधी वरठाने मोजणी दुसऱ्यांदा केली, कारण पहिली रागात झाली होती आणि रागात केलेलं काम ती धरत नसे. सातच भरले. बोईसरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, सहा वर्षं ती हेच करत आली होती. नव्या बॅचमधला रंग सुती कापडाच्या पट्टीवर चढवायचा, पट्टी वाळवायची, उत्तरेच्या खिडकीशी नेऊन मूळ नमुन्याशेजारी धरायची आणि सांगायचं, जुळतो की नाही. किंचित लालसर. किंचित फिका. करवंद आणि नागली शेजारी ठेवली असती तर तिने बॅच हात न लावता परत पाठवली असती. इथे तर सातही रंग एकाच बाईचे होते, आणि ती बाई आपणच आहोत हे तिला पहिल्याच पानावर कळलं होतं.

कादंबरीचं नाव ‘डोंगर उतरलेली’. नायिकेचं नाव अरण्या. डोंगरात आजवर कुणी मुलीचं नाव अरण्या ठेवलेलं बुधीच्या ऐकिवात नव्हतं. ते नाव शब्दकोशातून आलं होतं. लेखक कृष्णकांत सावे, चिंचणीचा, पालघरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारा. येत्या सोमवारी पालघरच्या कचेरीत नोंदणी लग्नाच्या नोटिशीवर बुधी त्याच्याबरोबर सही करणार होती. तो पुस्तक तिला शनिवारी स्वतःच्या हाताने देणार होता. पण शालूने ते शुक्रवारीच स्टेशनवरच्या स्टॉलवरून विकत आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी ठेवलं. शालू प्रयोगशाळेत तिच्या समोरच्या टेबलावर बसायची, चांगली मुलगी होती, आणि चांगल्या मुलींना जे प्रश्न पडतात तेच तिला पडायचे.

“बुधी, रागावू नको हं. रडले मी वाचताना. शप्पथ.”

“मग रागावू कशाला?”

“नाही, म्हणजे... ते तुझ्याकडे येतात ना अधूनमधून, टोपीवाले, गुडघा धरून चालतात ते. ते तुझे सख्खे वडील ना?”

बुधीने हातातली भाकरी डब्यात परत ठेवली. “का?”

“पुस्तकात तसं नाहीये ना,” शालू म्हणाली. तिच्या आवाजात एवढी माया होती की बुधीला तिच्यावर ओरडताही येईना. “मला काही वाटत नाही गं त्याचं. उलट तुझ्याबद्दल आदरच वाटला.”

दुपारभर तो आदर प्रयोगशाळेत वासासारखा भरून राहिला. प्लँटमधला मिश्राजी नेहमीप्रमाणे दारातून डोकावला, “मॅडम, शेड पास है क्या?” आणि तिने पट्टी खिडकीशी धरली तेव्हा तिला काहीच दिसेना. रंग बघणाऱ्याचे डोळे थकतात, मग थोडा वेळ करड्या कागदाकडे पाहत राहायचं असतं. ती करड्या कागदाकडे पाहत राहिली आणि तिथे बा उभा राहिला. मंगळ्या वरठा. उंची पाच फूट दोन इंच, डावा गुडघा पावसाळ्यात सुजणारा. दिवाळी झाली की गवत कापायला जाणारा आणि येताना पायांवर गवताच्या बारीक चिरा घेऊन येणारा. मनोरच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी त्यांचा पाडा. तिथून तो तिला आश्रमशाळेत घालायला घेऊन आला तेव्हा गुरुजींनी नाव विचारलं आणि म्हणाले, “बुधी हे काय नाव झालं? सुधा लिहितो.” साऱ्या आयुष्यात बा सरकारी माणसाला एकदाच नाही म्हणाला असेल, तो त्या दिवशी. “नाय गुरजी. बुधवारची हाय ती.” पुढे पालघरला कॉलेजच्या वसतिगृहात तिला ठेवायला आला तेव्हा सामान देऊन तो फाटकाबाहेर तीन तास उभा राहिला. पोचवणाऱ्याने आत यायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि पोचवून लगेच निघायचं असतं हेही नव्हतं. अर्जावर अंगठा उठवून झाल्यावर त्याने शाई केसांना पुसली होती. एवढं सगळं असलेला माणूस दोनशे दहा पानांत कुठे नव्हता. कादंबरीत अरण्याची आई जंगलातल्या कुठल्याशा चांदण्यातल्या जत्रेत एका अनोळखी पुरुषाला भेटते, तो पुन्हा दिसत नाही, आणि अरण्या पुस्तकभर त्याला शोधत फिरते. शेवटी ती धुक्यात उभी राहून म्हणते की अरण्य हाच माझा बाप.

हे कुठून आलं ते बुधीला नेमकं ठाऊक होतं आणि तिची खरी चिडचिड तिथे होती. ते तिनेच दिलं होतं. ओळख होऊन दुसरं वर्ष, चिंचणीचा किनारा, ओहोटी. वसतिगृहातल्या मुलींना हसवण्यासाठी ती जी गोष्ट नेहमी सांगायची तीच तिने कृष्णकांतला सांगितली, की मी माझ्या आयबाच्या लग्नाला होते. पाड्यावर यात नवल काहीच नव्हतं. लग्न म्हणजे सगळ्या गावाला दोन दिवस जेवण, त्याला भात लागतो, आणि तेवढा भात घरात साठेपर्यंत माणसं थांबून राहत नाहीत. दोन्ही घरची माणसं बसतात, बोलणी होतात, मुलगी नांदायला जाते, आणि लग्न मग कधीतरी लागतं. कुणाचं वर्षात, कुणाचं पोरांच्या लग्नाच्या मांडवातच. तानीचं, म्हणजे आयचं, आणि मंगळ्याचं लागलं तेव्हा बुधी नऊ वर्षांची होती. सवाष्णींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला. लग्न लावणारी धवलेरी बाई दोन दिवस गात होती, दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला तर तिने ताडी मागितली आणि पुन्हा गायला लागली. आयच्या कडेवर धाकटा भाऊ सुका होता. आयला हळद लागताना तो रडायला लागला, म्हणून बायकांनी त्यालाही हळद फासली, मग बुधीने हट्ट केला, तिलाही फासली. बा मांडवात असा घाबरून बसला होता, जसा काही त्या बाईला पहिल्यांदाच बघतोय. गोष्टीत इथे मुली हसायच्या. कृष्णकांत हसला नाही. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “किती मोकळं आहे तुमचं जग.” तिला त्याचं असं गप्प होणं तेव्हा फार आवडलं होतं. मोकळं काही नाही रे, सगळ्यांना सगळं माहीत असतं, आयने एक दिवस भांडण करून घर सोडलं तर आठ माणसं समजूत घालायला आली होती, हे सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. आपल्या जगाला कुणी सुंदर म्हटलं तर मध्येच दुरुस्ती कोण करतं?

तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं तिला शनिवारी अर्धा दिवस भरून चिंचणीच्या एसटीत बसताना वाटलं. तो वाईट नव्हता. बेटेगावजवळ एसटी बंद पडली होती तेव्हा तिला पहिल्या पाळीला उशीर नको म्हणून तो तिच्याबरोबर बोईसरपर्यंत चालत आला होता, तुटकी चप्पल हातात घेऊन, सगळा वेळ बोलत. पाड्यावर आला तेव्हा बासोबत जमिनीवर बसून जेवला, अंगणात झोपला, आणि सकाळी अंगभर पिसवा चावलेल्या दाखवत हसला. त्याने तिला पुस्तकं वाचायला लावली. वाचनालयातून गठ्ठे आणायचा, परदेशातल्या कादंबऱ्यांची भाषांतरं, गोऱ्यांची आणि काळ्यांची, मळ्यांवरची, बेटांवरची. ती कामावरून आली की वाचायची आणि रविवारी दोघं त्यावर भांडायची. “यातल्या काळ्या बाईवर गोरा माणूस प्रेम करायला लागला की ती शेवटी मरते तरी, नाहीतर वेडी होऊन समुद्राकडे बघत बसते,” ती एकदा म्हणाली होती. “आणि एकही जण पोटापाण्याचं काही करत कसं नाही? कुणी रजा टाकत नाही, कुणाची पाळी बदलत नाही. आणि तिला काय वाटतं ते प्रत्येक वेळी तोच का सांगतो?” कृष्णकांत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. मग गंभीर होऊन म्हणाला, “मी लिहीन. माझी मरणार नाही.” शब्दाला तो जागला होता. अरण्या मेली नाही. ती परत डोंगर चढून धुक्यात विरघळली, अर्थात रजा न टाकता.

तारापूर मागे पडलं. खिडकीतून खारं वारं आलं आणि पुढच्या बाकावरच्या कोळणीच्या टोपलीचा वास. लग्न कधी, हे चार वर्षं सगळे विचारत होते आणि ती प्रत्येक वेळी कॅलेंडरमधून एखादं कारण काढून देत होती. सुकाची परीक्षा. नोकरीत कायम होणं. पेरणी, लावणी, झोडणी. कारणं खरी होती, तपासून बघितली असती तरी खरी निघाली असती. पण एवढी खरी कारणं एकापाठोपाठ एक सापडत जातात तेव्हा प्रयोगशाळेत कुणीही म्हणालं असतं की बाई, चूक उपकरणातच असणार. आयला हे वेड्यासारखं वाटायचं. “एवडा इचार कसला? आदी जाऊन ऱ्हा त्याचे घरी,” ती सुपात भात पाखडता पाखडता म्हणायची. “बरा वाटला तं लगीन लाव. नाय वाटला तं ये माघारी. आमी काय मेलो हाव?” हा सल्ला बुधीने चिंचणीत कधी बोलून दाखवला नाही. चिंचणीत तो कसा ऐकला गेला असता हे तिला तेव्हाही माहीत होतं. आता तर छापून आलं होतं.

कृष्णकांत स्टँडवर उभा होता, नव्या सदऱ्यात, हातात कागदात बांधलेलं पुस्तक. तिच्या पिशवीतून डोकावणारी प्रत बघून त्याचा चेहरा आधी पडला, मग उजळला. “वाचलीस?”

“वाचली.”

“मग?”

चिकूच्या वाडीच्या कुंपणाकडेने घराकडे जाणाऱ्या वाटेवर तिने सांगायला सुरुवात केली. ती शांतपणे, क्रमाने बोलली. तिला दुसरं येत नव्हतं. मोहाची फुलं चैत्रात पडतात, तू त्यांचा वास श्रावणात आणलास. चौक सवाष्णी लिहितात, तू तो एकट्या कुमारिकेकडून रात्री लिहून घेतलास. आणि माझ्या बाचं काय केलंस?

“ती तू नाहीस, बुधी. अरण्या आहे.”

“मग तिच्या हनुवटीवर माझं गोंदण का आहे? ती रंगाच्या कारखान्यात का आहे? शालूने मला विचारलं, तुझा बाप सख्खा का म्हणून.”

“शालूला कादंबरी वाचता येत नाही.”

“विकत तीच घेते.”

तो थांबला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्या वाईट वाटण्याच्या मागून दुसरं काहीतरी हळूच पुढे येत होतं. तिने ते आधीही पाहिलं होतं, पण त्याला नाव दिलं नव्हतं. “तपशिलाने खरं नसेल,” तो म्हणाला. “पण खोलवर बघितलं तर ती तुम्हा सगळ्यांचीच गोष्ट आहे ना? मुळापासून तुटलेपण. बाप हरवणं म्हणजे...”

“माझा बाप हरवलेला नाही. तो या घटकेला नागलीच्या शेतात असेल. तू त्याच्या ताटात जेवलास. तू त्याला तुझ्या पुस्तकातून काढून टाकलंस, कारण त्याच्यामुळे मी तुला हवी तेवढी रानटी होत नव्हते.”

कृष्णकांत तिच्याकडे एकटक पाहत होता, डोळे पाणावलेले. मग त्याने खिशातून छोटी डायरी काढली. “थांब. शेवटचं वाक्य पुन्हा म्हण. दुसऱ्या आवृत्तीत हे तिच्या तोंडी घालायला हवं.”

तिने म्हटलं नाही. ती चालत राहिली. चार वर्षांत तिने त्याच्याशी जेवढी भांडणं केली होती ती सगळी कुठे जाऊन बसली हे तिला आता कळलं. पान एकसष्ट, पान शहात्तर, पान एकशे नव्वद. तिला वाटत होतं तो ऐकतोय. तो ऐकतच होता, एक अक्षर सांडू न देता. तिच्या प्रत्येक वाक्याचं काहीतरी झालं होतं, फक्त तिला उत्तर तेवढं मिळालं नव्हतं.

ओटीवर रामनाथकाका बसले होते, कृष्णकांतचे थोरले चुलते, वाडीतले चिकू टोपलीत निवडत. “काय बुधीबाय, पुस्तकात आलीस! आता आमच्यासंगं बोलशील का नाय?”

“बोलेन की, काका.”

“बगा, बोलली. सही घे रे तिची, पुढं महाग होल.”

जयवंतीबाई, कृष्णकांतची आई, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी बुधीला जवळ घेतलं. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. चार वर्षांत चहा दिला होता, चिकू दिले होते, शेजारणींना “बी.एस्सी. हाय हो” असं घाईघाईने सांगितलं होतं, पण जवळ घेतलं नव्हतं. त्यांच्या पातळाला कापराचा वास येत होता. “बस गो. मी सगळा वाचला. दोन रात्री वाचत होतू,” त्या म्हणाल्या. “किती सोसलास तू, आणि एका शबदान बोलली नायस.”

“काकू, मी काही...”

“आता गप बस. मी ठरवलाय. सोमवारी तुमी कचेरीत सही करा, पण महिन्यानं हितं घरात चार माणसांत लगीन लावायचा. आणि कन्यादान रामनाथभावजी करतील. तुला बाप नाय असा कुणी म्हणायला नको.”

रामनाथकाकांनी मान हलवली, अगदी मनापासून, एखाद्या पोरक्या जिवाला पदरात घेताना हलवावी तशी.

“काकू,” बुधी म्हणाली, “माझे वडील तुमच्याकडे आलेत. मागच्या शिमग्याला. करांद्याचे कंद घेऊन.”

“मंगळ्याभाव ना? देवमाणूस गो तो,” जयवंतीबाई म्हणाल्या. “दुसऱ्याचा लेकरू आपला म्हणून वाढवला. शिकवला. त्याला मी लुगडा-धोतर करीन, मानान बशवीन. पण कन्यादानाला रक्ताचा बाप लागतो, नायतर आपल्यातला कुणी जाणता. त्याला तरी कशाला लोकांपुढं उभा करायचा?”

बुधीने कृष्णकांतकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आई, ते मी रचलेलं आहे. यात कलेचं काही जात नव्हतं, खोल अर्थाचं काही बिघडत नव्हतं. त्याच्या ओठांशी ते वाक्य आलेलं तिला दिसलं. मग त्याने आईकडे पाहिलं, आईच्या ओल्या डोळ्यांकडे, तिच्या हाताकडे, जो बुधीच्या पाठीवरून मायेने फिरत होता. आणि तिला कळलं की त्याला ते दृश्य आवडलंय. चार वर्षं जे होत नव्हतं ते त्याच्या पुस्तकाने करून दाखवलं होतं. आईने सुनेला पोटाशी धरलं होतं. एवढ्या चांगल्या गोष्टीत आता खरं बोलून व्यत्यय कोण आणील?

“आई, तसं ते... कादंबरी आहे,” तो म्हणाला, आणि लगेच बुधीकडे वळून हलक्या आवाजात, “असू दे ना आत्ता. नंतर समजावू. ती किती मनापासून करतेय बघ.”

मनापासूनच करत होत्या. ते बुधीला दिसत होतं. यांना ती हवी होती. पहिल्यांदाच, अगदी खरी हवी होती, आणि त्यासाठी एकच माणूस वजा करायचा होता. बा येईल, तिला वाटलं. सांगितलं की येईल, टोपी घालून, आणि जिथे बसवतील तिथे बसेल. दुसरा माणूस त्याच्या मुलीचा हात देईल तेव्हा तो विचारणारही नाही, त्याला वाटेल इथली रीत असेल. फाटकाबाहेर उभा राहिला होता तसाच उभा राहील. मग पोरं होतील. त्यांना कुणीतरी हे पुस्तक देईल, आणि ती आजोबांकडे बघताना आधी थोडं थांबतील, मग जवळ जातील. ते थोडं थांबणं तिला एवढं स्पष्ट दिसलं की तिने डोळे मिटून घेतले. उपकरण बिघडलेलं नव्हतं. चार वर्षं ते बरोबर आकडा दाखवत होतं आणि तीच काचेवर बोट वाजवत बसली होती.

ती उठली. जयवंतीबाईंचा हात पाठीवरून घसरला, तो तिने दोन्ही हातांत धरला, कारण ती बाई खोटी नव्हती.

“काकू, माझ्या आयच्या आयुष्यात एकच माणूस आला. मी त्याचीच. त्यांचं लग्न माझ्यानंतर लागलं, आमच्यात तसं चालतं. ते मी यांना विश्वासाने सांगितलं होतं. बाकीचं यांनी लिहिलं.”

“म्हंजे?” जयवंतीबाई मुलाकडे बघायला लागल्या. “क्रिष्णा, म्हंजे काय रे?”

“आई, मी सांगतो नंतर. बुधी, बस ना. असं उभ्या उभ्या...”

“नाही. उभ्यानेच बोलते.” तिचा आवाज तिला ओळखीचा वाटला नाही. तो मोठा नव्हता, फक्त त्यात पुढे कारण जोडायची घाई नव्हती. रामनाथकाका टोपली बाजूला सारून तिच्याकडे बघत होते. कुंपणापलीकडून कुणाची तरी बैलगाडी गेली, आणि ती जाईपर्यंत बुधी थांबली, कारण हे सगळ्यांना नीट ऐकू जायला हवं होतं.

“सोमवारी मी पालघरला येणार नाही, कृष्णकांत. त्याच्या पुढच्या सोमवारीही येणार नाही. मला तुझ्याशी लग्न करायचं नाही.”